बॉस्टनमध्ये शिकायला येताना घर कुठे घ्यावं: आधी रेल्वेची लाइन, मग गल्ली, मग खोली

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळाला आहे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू होतात आणि राहण्याचा सगळा खर्च महिना हजार डॉलरच्या आत बसवायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी मिशन हिल म्हणतं, कुणी क्विन्सी, कुणी ऑलस्टन. वेस्टबरोला राहणारी आत्या म्हणते, कशाला भाडं भरता, आमच्याकडेच राहू दे. तर नेमकं काय करावं?

बहुतेक घरांत ही निवड भाड्याच्या आकड्यावर होते आणि तिथेच ती फसते. भाडं बघाच, पण त्याआधी दोन गोष्टींचा हिशेब मांडा. पहिली, फेब्रुवारीतल्या रात्री दहा वाजता लायब्ररीतून निघाल्यापासून घराच्या दाराला किल्ली लावेपर्यंत किती मिनिटं लागतात. दुसरी, सप्टेंबर ते ऑगस्ट अशा पूर्ण बारा महिन्यांत भाडं, हीटिंग, वीज आणि पास धरून एकूण किती पैसे जातात. या दोन आकड्यांपुढे ‘अमुक वस्ती स्वस्त’ आणि ‘तमुक वस्ती चांगली’ ही वाक्यं फारशी टिकत नाहीत.

लाइन

बॉस्टनच्या लोकल रेल्वेला सगळे नुसतं ‘टी’ म्हणतात. नॉर्थईस्टर्नचा कॅम्पस टीच्या दोन लाइनींच्या मध्ये आहे. हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने ग्रीन लाइनची ‘ई’ शाखा जाते, तिचं ‘नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटी’ हे स्टेशन दारातच आहे. दुसऱ्या बाजूला ऑरेंज लाइनचं रगल्स स्टेशन. म्हणून पहिला नियम असा, की घर या दोनपैकी एका लाइनवर हवं आणि गाडी बदलावी लागता कामा नये. रात्री एक गाडी बदलायची म्हणजे आठ-दहा मिनिटं आणखी जातात, तीही बऱ्याचदा उघड्या, वाऱ्याच्या फलाटावर. जानेवारीत इथे रात्रीचं सरासरी तापमान उणे पाच सेल्सिअसच्या आसपास असतं आणि डिसेंबरात सूर्य सव्वाचारलाच मावळतो. म्हणजे घरी परतणं रोज अंधारातच होतं.

दुसरा नियम: घरापासून स्टेशनपर्यंत चालत दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. बर्फ थांबल्यावर तीन तासांत समोरचा फुटपाथ साफ करायचा, असं बंधन बॉस्टनमध्ये घरमालकांवर आहे, पण रिकामे प्लॉट, पूल आणि बसथांब्यांपुढचे ढीग दिवसेंदिवस तसेच राहतात. उन्हाळ्यात नकाशावर दिसणारी बारा मिनिटं बर्फात सहज वीस होतात. आणि जाहिरातीत नुसतं ‘मॉल्डन’ किंवा ‘क्विन्सी’ लिहिलेलं असलं तर त्याला काहीही अर्थ नाही. या दोन्ही गावांत स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर आत असलेली घरं भरपूर आहेत, तिथून आधी बस आणि मग गाडी असा प्रवास पडतो. घराचा पूर्ण पत्ता मागा. पत्ता द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट लोक विसरतात: दुसरा रस्ता. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी एखादा टप्पा बंद ठेवून त्याऐवजी बस सोडणं, हे टीवर नेहमीचं आहे. २०२२ साली १९ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर असा तब्बल महिनाभर अख्खी ऑरेंज लाइन बंद होती, तेही नेमकं सत्र सुरू होताना. त्यामुळे जिथून गाडीशिवाय बसने किंवा पायीही कॉलेज गाठता येतं, त्या घरासाठी महिन्याला वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी ते योग्य जागी गेले असं समजा.

वस्त्या

फेनवे आणि सिम्फनीचा भाग कॅम्पसला चिकटून आहे. हेमेनवे स्ट्रीट, वेस्टलँड अ‍ॅव्हेन्यू, पार्क ड्राइव्ह इथल्या विटांच्या जुन्या इमारतींत हीटिंग आणि गरम पाणी बहुधा भाड्यातच धरलेलं असतं. पण हजार डॉलरमध्ये इथे स्वतंत्र खोली बसत नाही. एका खोलीत दोघी राहायला तयार असतील तरच इकडे बघा.

मिशन हिलवर भारतीय विद्यार्थ्यांची सर्वाधिक गर्दी आहे आणि त्याला कारणही आहे. ब्रिगहॅम सर्कलपासून कॅम्पस चालत वीसेक मिनिटांवर आहे, ‘ई’ लाइन आहे, ३९ नंबरची बस हंटिंग्टनवरूनच जाते, टेकडीच्या रॉक्सबरी क्रॉसिंगच्या बाजूला ऑरेंज लाइन आहे आणि ब्रिगहॅम सर्कललाच ‘स्टॉप अँड शॉप’ हे मोठं किराणा दुकान आहे. म्हणजे कॉलेज गाठायला तीन-चार रस्ते आहेत. उणिवाही सांगतो. ही खरोखरची टेकडी आहे. पार्कर हिलकडे चढणाऱ्या गल्ल्यांत बर्फ गोठून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि किराण्याच्या पिशव्या घेऊन चढताना लोक पडतात. टेकडीच्या पायथ्याचं आणि माथ्याचं घर नकाशावर शेजारी दिसलं तरी रोजच्या जगण्यात त्यांच्यात मोठा फरक आहे. शिवाय हिलसाइड आणि कॅल्युमेट स्ट्रीटच्या आजूबाजूला पदवीच्या मुलांची घरं दाट आहेत, शुक्रवार-शनिवारी रात्री गोंगाट असतो. आणि ब्रिगहॅम सर्कलच्या पुढे हीथ स्ट्रीटपर्यंत ‘ई’ लाइन मोटारींच्या मधून रस्त्यावरच धावते, त्यामुळे त्या शेवटच्या टप्प्यात तिचा भरवसा कमी.

माझ्या मते हजार डॉलरच्या हिशेबात सर्वांत कमी लेखला जाणारा भाग म्हणजे जमेका प्लेन, म्हणजेच जेपी. जॅक्सन स्क्वेअर, स्टोनी ब्रूक, ग्रीन स्ट्रीट, फॉरेस्ट हिल्स ही चार स्टेशनं त्याला लागून आहेत. फॉरेस्ट हिल्सहून रगल्स दहा-बारा मिनिटांत येतं. ते ऑरेंज लाइनचं शेवटचं स्टेशन असल्याने सकाळी बसायला जागा मिळते. रेल्वेच्या कडेने साउथवेस्ट कॉरिडॉर पार्क नावाची पायवाट आणि सायकलवाट थेट कॅम्पसपर्यंत आणि पुढे बॅक बेपर्यंत जाते. ३९ नंबरची बस इथूनच सुटते. शेजारीच आर्नल्ड आर्बोरेटमचा प्रचंड वृक्षबाग आहे, प्रवेश फुकट आहे, आणि परक्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात अशी जागा मनाला किती आधार देते हे मुलं नंतर आवर्जून सांगतात. उणीव एवढीच, की ग्रुपवर जेपीतल्या जागा कमी येतात, कारण इथे विद्यार्थ्यांपेक्षा नोकरदार आणि कुटुंबं जास्त. ग्रुपबाहेर शोधावं लागतं.

रॉक्सबरीबद्दल ग्रुपवर सरसकट ‘तिकडे जाऊ नका’ असं लिहिलं जातं. हा सल्ला आळशी आहे आणि त्यात बराचसा पूर्वग्रह आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती आहे. रॉक्सबरी क्रॉसिंगजवळचं फोर्ट हिल हा तिचाच भाग, कॅम्पसपासून मिशन हिलइतकाच जवळ. सुरक्षितता वस्तीच्या नावावरून ठरत नाही. ती गल्ली, वेळ आणि स्टेशनपासूनचा रस्ता यांवरून ठरते. ती कशी तपासायची ते पुढे सांगतो.

मॉल्डन ऑरेंज लाइनच्या उत्तर टोकाला आहे. मॉल्डन सेंटरहून रगल्सला गाडीत पंचवीस ते तीस मिनिटं लागतात, पण गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनपासून चालत जाण्याजोगं घर मिळालं तर हजारात स्वतंत्र खोली बसण्याची शक्यता इथे चांगली आहे. क्विन्सी मात्र रेड लाइनवर आहे. नॉर्थ क्विन्सी किंवा वोलास्टनहून डाउनटाउन क्रॉसिंगला उतरून ऑरेंज लाइन धरायची, म्हणजे दारापासून वर्गापर्यंत पन्नास मिनिटं ते तास. दोघी-तिघी मैत्रिणी एकत्र राहत असतील, वर्ग आठवड्यातून दोन-तीन दिवसच असतील, तर चालतं. रोज रात्री कॅम्पसवर काम असेल तर नको. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं आणि त्यातल्या बऱ्याच पाळ्या संध्याकाळच्या असतात. टीची शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर तास-दीड तासात जाते, त्यानंतर क्विन्सीपर्यंतची टॅक्सी त्या दिवसाची कमाई खाऊन टाकते.

ऑलस्टन हे बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी सोयीचं. तिथून ग्रीन लाइनची ‘बी’ शाखा आणि ५७ नंबरची बस त्यांच्या कॅम्पसवरून जाते. नॉर्थईस्टर्नला मात्र ६६ नंबरच्या बसने ब्रिगहॅम सर्कलपर्यंत यायचं किंवा शहराच्या मध्याकडे जाऊन गाडी बदलायची. ग्रुपवर ऑलस्टनची शिफारस करणारा कुठल्या विद्यापीठात आहे, हे आधी विचारा. हाच हिशेब एमआयटी आणि हार्वर्डच्या मुलांनी रेड लाइन धरून करावा, टफ्ट्सच्या मुलांनी रेड लाइनचं डेव्हिस किंवा डिसेंबर २०२२ मध्ये मेडफर्डपर्यंत वाढवलेली ग्रीन लाइन धरून.

आता आत्याचं घर. वेस्टबरो, श्रूजबरी, अ‍ॅक्टन या उपनगरांत मराठी कुटुंबं बरीच आहेत. न्यू इंग्लंड मराठी मंडळाचा गणपती, अ‍ॅशलंडचं लक्ष्मीचं देऊळ हे सगळं त्याच पट्ट्यात किंवा आसपास येतं, आणि सणासुदीला मुलीने तिकडे जावंच. पण रोजच्या राहण्यासाठी वेस्टबरो नको. उपनगरी रेल्वेच्या स्टेशनपर्यंत मोटार लागते, दोन गाड्यांत बराच वेळ असतो आणि त्या अंतराच्या मासिक पासला तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. फुकटच्या खोलीसाठी रोजचे तीन-साडेतीन तास जातात, आणि वर्गानंतरचा गटाभ्यास, प्राध्यापकांशी गप्पा, नोकरीच्या ओळखी हे सगळं सुटतं. आत्याकडे पहिले दहा दिवस जरूर राहा. त्या दहा दिवसांत घर डोळ्यांनी बघता येतं, हा मोठा फायदा आहे.

बारा महिन्यांचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त फसगत हीटिंगमध्ये होते. जाहिरातीत भाडं मोठ्या अक्षरात असतं आणि हीटिंग कोण भरणार हे कोपऱ्यात.

समजा, एका घरात खोली ८५० डॉलरला आहे, हीटिंग आणि गरम पाणी भाड्यात. दुसऱ्या घरात ८०० ला आहे, पण भिंतीलगत जमिनीजवळ विजेचे लांबट हीटर आहेत आणि बिल तुमचं. दुसऱ्यात वर्षाला ६०० डॉलर वाचल्यासारखे दिसतात. आता बघा: खोलीपुरता एक किलोवॉटचा हीटर रोज सरासरी दहा तास चालला तर दहा युनिट. मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती वीज साधारण तीस सेंट युनिट पडते, म्हणजे दिवसाला तीन डॉलर, महिन्याला नव्वद. नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे साडेचारशे. त्यावर हॉल-किचनच्या हीटरचा वाटा आणि विजेवर तापणाऱ्या पाण्याचा खर्च. वाचलेले ६०० इथेच संपले, वर हिवाळाभर हीटर लावू की नको यावरून घरात वाद.

गॅसवरचं हीटिंग असेल तर मागच्या जानेवारीचं बिल दाखवायला सांगा. वर्षाची सरासरी नको, जानेवारीचंच. तेलावर चालणारं असेल तर आणखी जपा. तळघरात टाकी असते, तेल एकदम विकत घ्यावं लागतं आणि पुरवठादार बहुधा शंभर गॅलनपेक्षा कमी आणून देत नाहीत. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर एका फेरीला साडेतीनशे डॉलर, आणि टाकी रिकामी होते ती नेहमी कडाक्याच्या थंडीतच. भाडेकरूने हीटिंगचा खर्च भरायचा असेल तर तसं लेखी करारात असावं लागतं. करारात नसेल तर तो खर्च मालकाचा.

प्रवासाचा खर्चही यातच धरा. टीचा मासिक पास ९० डॉलरचा आहे, विद्यापीठामार्फत पूर्ण सत्राचा घेतला तर ११ टक्के सूट मिळते. चालत जाण्याच्या अंतरावर घर असेल तर पास लागतच नाही आणि वर्षाचे हजारेक डॉलर वाचतात. म्हणजे मिशन हिलमधली ८८० ची खोली आणि मॉल्डनमधली ८०० ची खोली प्रत्यक्षात जवळपास सारख्याच किमतीच्या आहेत. फरक आहे तो रोजच्या तासाभराचा.

खोली आणि ‘स्पॉट’

इथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या बोलीत जागेला ‘स्पॉट’ म्हणतात: प्रायव्हेट स्पॉट, शेअर्ड स्पॉट, हॉल स्पॉट, आणि आल्या-आल्या दोन आठवड्यांसाठी टेम्पररी स्पॉट. हॉल स्पॉट म्हणजे बैठकीच्या खोलीत पडदा लावून टाकलेली गादी. पैसे वाचतात, पण एकाने पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात गप्पा मारल्या की झोप गेली. त्यातही महत्त्वाचं म्हणजे हॉलमधल्या व्यक्तीचं नाव करारात बहुधा नसतं, त्यामुळे कायद्याने मिळणारं संरक्षण दाखवायला तिच्याकडे कागद नसतो. दोन आठवड्यांसाठी ठीक आहे, वर्षासाठी नाही.

राज्याच्या आरोग्य संहितेप्रमाणे एकाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ७० चौरस फूट लागतात, दोघांना प्रत्येकी ५०. म्हणजे दहा बाय दहाची खोली ही दोघींसाठी अगदी किमान मर्यादा. तळघरातल्या आणि माळ्यावरच्या खोल्यांबाबत मी कडक आहे. धडधाकट उघडणारी खिडकी आणि बाहेर पडायचा दुसरा मार्ग नसेल तर भाडं कितीही कमी असो, नाही म्हणा. २०१३ साली ऑलस्टनमध्ये विद्यार्थ्यांच्या एका घराला आग लागली, तेव्हा माळ्यावरच्या खोलीत राहणारी विद्यार्थिनी बाहेर पडू शकली नाही. रूममेट पदवीच्या वर्गातले असतील तर आणखी एक नियम: बॉस्टन शहरात एका घरात चारपेक्षा जास्त पूर्णवेळ पदवी विद्यार्थी राहू शकत नाहीत.

विद्यार्थ्यांची बरीच घरं ‘ट्रिपल डेकर’ प्रकारची असतात: लाकडी, तीन मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, मागच्या बाजूला लाकडी जिना. मधला मजला घ्यावा. वरच्या मजल्यावर छताकडून उष्णता निसटते आणि जुलैत भट्टी होते, तळमजल्यावर उंदरांचा त्रास जास्त.

भारतातून घर बघायचं म्हणजे व्हिडिओ कॉलवर. खोली आणि खिडकीतला देखावा सगळेच दाखवतात. तुम्ही सिंकखालचं कपाट उघडून दाखवायला सांगा. पाइप भिंतीत शिरतो त्या भोकात स्टील वूलचा बोळा कोंबलेला दिसला, कोपऱ्यात चिकट सापळा किंवा तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या, तर घरात उंदीर आहेत हे समजा. बोळा ताजा आणि कपाट कोरडं-स्वच्छ असेल तर निदान कुणीतरी बंदोबस्त करतंय. मग गादीची शिवण उलगडून दाखवायला सांगा, तिथले तपकिरी ठिपके म्हणजे ढेकूण. नंतर गरम पाण्याचा नळ, हीटरचा प्रकार, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही अलार्म, मागचं दार. स्वयंपाकघरात शेगडीवर धूर बाहेर टाकणारा पंखा किंवा जवळ खिडकी आहे का हेही बघा. नाहीतर प्रत्येक फोडणीला अलार्म वाजतो आणि शेवटी कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं, जे अत्यंत धोक्याचं आहे. कपडे धुण्याचं यंत्र तळघरात आहे की चार चौक लांबच्या लाँड्रीत, हे विचारायला विसरू नका.

सुरक्षितता कशी तपासायची

अमेरिकेतल्या विद्यापीठांना १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार गुन्ह्यांची रोजची नोंद आणि वार्षिक सुरक्षा अहवाल खुला ठेवावा लागतो. नॉर्थईस्टर्नच्या पोलिसांची रोजची नोंद काढून शेवटचे दोन-तीन महिने वाचा, बॉस्टन पोलिसांची खुली आकडेवारीही बघा. एकूण संख्येपेक्षा तीन गोष्टी पाहा: गुन्हा कोणता, किती वाजता, कुठल्या गल्लीत. दारातून पार्सल चोरीला जाणं आणि सायकल जाणं हेच विद्यार्थ्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं, आणि ते ‘चांगल्या’ वस्तीतही होतं. त्यामुळे इमारतीला बाहेरचं दार कुलपाचं आहे का, हा प्रश्न वस्तीच्या नावापेक्षा मोलाचा.

मग त्या घरात राहणाऱ्या कुणाला तरी सांगा की रात्री नऊ वाजता स्टेशनपासून घरापर्यंत चालत व्हिडिओ कॉल कर. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, किती माणसं दिसतात, हे पाच मिनिटांत कळतं. नॉर्थईस्टर्नची ‘रेडआय’ नावाची रात्रीची मोफत गाडी कॅम्पसवरून साधारण दोन मैलांच्या आत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरी सोडते. मिशन हिल आणि फेनवे त्यात येतात, क्विन्सी आणि मॉल्डन येत नाहीत. रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबणाऱ्या मुलीसाठी ही एकच गोष्ट पारडं फिरवू शकते.

१ सप्टेंबर, पैसे आणि सही

बॉस्टनमधले बहुतेक करार १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतात. शहरभर एकाच दिवशी घरं बदलली जातात. याचे परिणाम दोन. चांगली घरं वसंतातच जातात, ऑगस्टच्या शेवटी उरतं ते उरलेलं. आणि ३१ ऑगस्टच्या रात्री जुनं घर सुटलेलं, नवं मिळालेलं नाही, अशी एक रात्र मध्ये येते, तिची सोय आधी करा. त्या दिवशी फुटपाथवर फुकट सोफे-गाद्या पडलेल्या असतात. लाकडी टेबल घ्या, कापड लावलेली कुठलीही वस्तू घरात आणू नका. ढेकूण तिथूनच येतात.

व्हिसा हाती येईपर्यंत घर ठरवणं अवघड जातं हे खरं. अशा वेळी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जिथले एक-दोन जुने भाडेकरू पुढेही राहणार आहेत, त्या घरातली रिकामी होणारी खोली घेणं, आणि करारात मुलीचं नाव घालून घेणं. अमेरिकेत क्रेडिटचा इतिहास, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, नसल्याने मालक जामीनदार मागतात. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), प्रवेशपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट यांवर बरेच मालक तयार होतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसणं हा अडथळा नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये मालक सुरुवातीला चारच गोष्टींचे पैसे मागू शकतो: पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याइतकी अनामत आणि नव्या कुलूप-किल्लीचा खर्च. म्हणजे ८५० च्या खोलीला हाताशी अडीच हजारांहून जास्त रक्कम हवी, ती शिक्षणकर्जाच्या हिशेबात आधीच धरा. मालक ‘अर्ज शुल्क’ मागू शकत नाही. दलालाची फी पूर्वी भाडेकरूच्या गळ्यात पडायची, बहुधा एक महिन्याचं भाडं. १ ऑगस्ट २०२५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच फी द्यायची असा कायदा झाला आहे. त्यामुळे घर दाखवण्याआधी एखादा दलाल फॉर्मवर सही मागत असेल तर नीट वाचा. ‘मीच तुम्हाला नेमलं’ असं कबूल करून घेतलेलं असू शकतं.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. मालक परदेशात असतो, भाडं आसपासच्यापेक्षा बरंच कमी असतं, किल्ली कुरिअरने येणार असते, आणि पैसे आजच हवे असतात. उपाय सोपा आहे. बॉस्टन शहराच्या मालमत्ता-कराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं, ते करारातल्या नावाशी जुळवा. शहराच्याच ‘रेंटस्मार्ट’ या पानावर त्या पत्त्याविषयी आलेल्या तक्रारी आणि नियमभंग दिसतात. नाव जुळत नसेल तर मालकाच्या वतीने व्यवस्था बघणाऱ्याचं अधिकारपत्र मागा. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा अनोळखी खात्यावर तातडीची रक्कम, यांपैकी काहीही मागितलं तर बोलणं बंद.

करार वाचताना दोन कलमं अडकवतात. एक, संयुक्त जबाबदारी. चौघींनी सही केली आणि एक निघून गेली, तर तिचं भाडं उरलेल्या तिघींकडून वसूल होऊ शकतं. म्हणून रूममेट निवडताना गावावरून किंवा भाषेवरून नको, पैशांची शिस्त विचारून निवडा. दोन, सबलेट, म्हणजे करार चालू असताना आपली खोली दुसऱ्याला भाड्याने देणं. नॉर्थईस्टर्नमध्ये को-ऑप, म्हणजे शिकतानाच मध्ये करायची नोकरी, हा अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे. चार ते आठ महिन्यांची नोकरी सिअ‍ॅटल किंवा सॅन होजेला मिळाली, तर बॉस्टनचं भाडं ऑगस्टपर्यंत चालूच राहतं. ‘मालकाच्या लेखी परवानगीने सबलेट करता येईल, परवानगी विनाकारण नाकारली जाणार नाही’ असं वाक्य सहीच्या आधी घालून घ्या. सही झाल्यावर कुणी घालत नाही.

किल्ली मिळाल्याच्या दिवशी सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंत, खिडकी, शेगडी आणि गादी यांचे फोटो काढा. अनामत घेतली असेल तर घराच्या स्थितीचं पत्रक मालकाने दहा दिवसांत द्यायला हवं. त्यात राहिलेल्या त्रुटी लिहून पंधरा दिवसांत परत करा. अनामत मॅसॅच्युसेट्समधल्या बँकेत वेगळ्या, व्याजाच्या खात्यात ठेवून तीस दिवसांत त्याची पावती द्यावी लागते, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेब. हे न करणाऱ्या मालकाला न्यायालय तिप्पट रक्कम द्यायला लावू शकतं. पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत तो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे नोंदवा, कारण व्हिसाची नोंद त्यावर चालते. आणि १५ सप्टेंबर ते ३१ मे या काळात घर दिवसा किमान ६८ फॅरनहाइट, रात्री ११ ते सकाळी ७ पर्यंत ६४ ठेवता येईल अशी सोय मालकाने द्यायलाच हवी. ती बंद पडली तर आधी मालकाला लेखी कळवा, खोलीतल्या थर्मामीटरचा फोटो वेळेसकट ठेवा आणि तरी हालचाल झाली नाही तर बॉस्टनमध्ये ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकाला फोन करून निरीक्षक बोलवा. मॉल्डन-क्विन्सीत हीच तक्रार तिथल्या नगर आरोग्य खात्याकडे करायची.